चौकटीवरच्या रेघा पुसू नका

दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आमचे माळवदाचे घर होते. ते ज्या उन्हाळ्यात उतरवले, त्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. आतल्या खोलीच्या दाराची सागवानी चौकट मी जपून वेगळी काढली होती. तिच्या उजव्या खांबाला आजी दर पाडव्याला आम्हा नातवंडांना पाठ टेकवून उभे करायची आणि डोक्याच्या पातळीला खिळ्याने रेघ ओढायची. रेघेशेजारी ज्याच्या-त्याच्या नावाचे पहिले अक्षर. आजीला लिहिता येत नव्हते. ती चार अक्षरे तेवढी ती आमच्याकडून शिकली होती. तो खांब एका वखारीत नेऊन मी म्हणालो, "छान साफ करून द्या, काहीतरी बनवायचे आहे." दुसऱ्या दिवशी हातात आली ती रंधा मशीनमधून निघालेली तुकतुकीत फळी. कारागिराने मी सांगितले तेच केले होते. रेघा भुशात गेल्या होत्या.

त्या फळीतून मी फोटोची चौकट केली. भिंतीवर ती बरी दिसते, पण आजीची म्हणून कुणाला दाखवावीशी वाटत नाही.

म्हणून जुने घर, जुनी गाडी, जुनी तिफण मोडीत निघत असेल आणि तिच्यातला एखादा तुकडा आठवण म्हणून घडवावा असे तुमच्या मनात असेल, तर सगळ्यात आधी हे ऐका. लाकूड नवे करू नका. झिजलेली कड, खिळ्याचे भोक, धुराचा काळपटपणा, कुणीतरी ओढलेली रेघ, यांच्याचसाठी आपण तो तुकडा ठेवलेला असतो. कोरायचे, रंगवायचे ते या खुणांच्या भोवतीने.

हे मला शिकवले ते आमच्या गावापासून पंधराएक किलोमीटरवरच्या एका लेण्याने. वेरूळचे दहावे लेणे म्हणजे विश्वकर्मा लेणे. आसपासची माणसे त्याला 'सुतार की झोपडी' म्हणतात आणि सुतारकाम करणारी मंडळी तिथल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून हात जोडतात. आत शिरून वर पाहावे. सातव्या-आठव्या शतकात कोरलेल्या त्या दगडी छताला लाकडी घराचे वासे आहेत, एकापुढे एक, कमानीसारखे वाकलेले. अखंड खडकात कोरलेल्या छताला वाशांची काय गरज? भार तर डोंगरच पेलतो. त्याआधी काही शतके कार्ल्याच्या चैत्यगृहात खडकाच्या छताला खरोखरीच्या सागवानी कमानी बसवल्या होत्या. त्या आजही पाहायला मिळतात. वेरूळला येईतो लाकूड गेले, पण वासा राहिला. दगडात कोरणाऱ्याने लाकडी घराची आठवण काढून टाकली नाही. आपल्याला याच्या उलट्या दिशेने तेच करायचे आहे. घर गेले, पण त्याचा एक वासा राखायचा.

आठवणीसाठी लाकूड कोरण्याची रीत महाराष्ट्रात जुनीच आहे. मेळघाटातले कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी सागाचा 'मुंडा' कोरतात. त्या खांबावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावरचा स्वार असतो. वारली भागात वाघदेव लाकडावर येतो. विदर्भात तान्हा पोळ्याला मुले लाकडी बैल ओढत नेतात. आणि मराठवाड्यात, तुमच्या गावच्या मारुतीच्या पारावर किंवा वेशीशी, बहुधा एखादा वीरगळ उभा असेल. तो दगडाचा असला तरी मांडणी शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी तुकडा निवडू. दार-खिडक्यांच्या चौकटी, तुळया, कड्या आणि त्यावरच्या किलचणीच्या फळ्या आपल्याकडे बहुतेक सागाच्या. बैलगाडीची चाके बाभळीची. जू, शिवळा, वखराचा दांडा, पाटा-दांड्याचे जुने सामान घरोघरी असते. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते तिफणीचे चाडे. पेरणीत बी सोडणारी मूठ ज्या लाकडी वाडग्यावर फिरली, त्याची कड आतून झिजून गुळगुळीत झालेली असते. ती झीज म्हणजे आजीच्या किंवा आईच्या मुठीचा आकार. चाडे मिळाले तर त्यावर काहीही कोरू नका. पाठीमागे एक साधी फळी लावा, सगळे कोरीवकाम त्या फळीवर करा, चाडे तसेच मधोमध बसवा.

सुरुवात करणाऱ्याने कोरण्यासाठी साग घ्यावा. तो सरळ कापला जातो आणि तेलकट असल्याने वाळवी त्याच्या वाट्याला सहसा जात नाही. त्यात वाळूसारखे कण असल्याने पटाशीची धार लवकर जाते, एवढेच. दर अर्ध्या तासाला धारेच्या दगडावर दोन हात फिरवायची तयारी ठेवा. जुनी, सुकलेली बाभूळ लोखंडासारखी होते. तिच्यावर बारीक नक्षी काढायचा हट्ट धरू नका, मनगट जाईल. बाभळीचा तुकडा नुसता कापून, भोके पाडून, रंगवून वापरावा. चाकाच्या पुठ्ठ्याचा तुकडा मुळातच कमानीसारखा वाकलेला असतो. त्याला खाली चार चाके लावली की बैलाची पाठ तयार.

घरचे लाकूड कमी पडले तर वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींमधून येणाऱ्या पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट यांचे हलके लाकूड भंगारात मिळते. पाठीमागच्या फळीला, खेळण्याच्या चाकांना ते उत्तम. घेताना त्यावरचा डागलेला शिक्का पाहा. 'एचटी' असेल तर ते लाकूड किडे मारण्यासाठी गाभ्यापर्यंत किमान 56 अंशांवर अर्धा तास तापवलेले आहे. 'एमबी' असेल तर ते मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेले आहे. ते घरात आणू नका. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपरही नकोत, फुकट मिळाले तरी. 1900 साली निझामाच्या राज्यात गोदावरी खोऱ्याची रेल्वे आमच्या गावावरून गेली, आणि त्या लोहमार्गाशी अनेक घरांच्या आठवणी जोडलेल्या आहेत, हे मला समजते. पण स्लीपर टिकावेत म्हणून त्यांना क्रिओसोट पाजलेले असते. ते त्वचेला आणि श्वासाला अपायकारक आहे आणि रंधा मारला तरी आतून निघत नाही. किल्ल्यात किंवा लेण्यांच्या आवारात पडलेला लाकडाचा ढलपाही उचलायचा नाही, हे सांगायला नकोच. ते सगळे कायद्याने संरक्षित आहे.

तुकडा घरी आणला की लगेच हत्यार लावू नका. आधी उजेडात नेऊन चारही बाजूंनी त्याचे फोटो काढा. मग खडूने प्रत्येक खुणेभोवती गोल करा: ही रेघ, हे बिजागरीचे घर, हा कंदिलाचा डाग. त्या वर्तुळांच्या आत हात लावायचा नाही, असे स्वतःलाच बजावा. कुटुंबातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तो तुकडा हातात द्या आणि विचारा. माझ्या चौकटीचा डावा खांब पत्र्याच्या शेडमध्ये तसाच पडला होता. तो मोठ्या काकूंच्या पुढ्यात ठेवला, तेव्हा कळले की खाली उंबरठ्याच्या वर जे पिवळट-तांबूस डाग मला मळ वाटले होते, ती हळदी-कुंकवाची बोटे आहेत. पाच-पाच, ओळीने. दर लग्नानंतर नव्या सुनेने लावलेली. मी तो भाग घासायलाच निघालो होतो.

साफसफाईला मऊ कोरडा ब्रश पुरे. फार चिकट काजळी असेल तर ओले फडके घट्ट पिळून पुसावे, आणि लगेच कोरडे करावे. हळदी-कुंकवाच्या डागाला पाणीही नको. जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतले शिसे कायद्याने जवळपास बंद झाले ते 2017च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात ते असू शकते आणि त्याची धूळ मुलांना फार वाईट. सुटणारे पापुद्रे ओले करून अलगद उचला, उरलेला घट्ट रंग तसाच राहू द्या. निळसर हिरव्या रंगाचा एक थर दाराला असायचाच, तोही आठवणच आहे. काम करताना नाकाला मास्क हवा. सागाचा भुसासुद्धा अनेकांना खाज आणि शिंका आणतो. हत्यार लावण्याआधी एखाद्या जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक पृष्ठभागावरून फिरवा. आत मोडलेला खिळा असेल तर चुंबक ओढ घेईल.

किडीचे नीट पाहा. लाकूड रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगेरा जिवंत आहे. लहान तुकडा पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवला तर तो मरतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, म्हणजे लाकडावर दव धरणार नाही. मोठ्या लाकडाला एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक अॅसिड विरघळवून ब्रशने दोनदा पाजावे, भोकांत सिरिंजने सोडावे आणि आठवडाभर सावलीत सुकू द्यावे. हातमोजे घाला. पाण्याने पुसल्या जाणाऱ्या खुणा मात्र आधी मेणकागदाने झाका.

आता मांडणी. इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच बहुतेकांचे काम बिघडते. आठवणी पुष्कळ असतात आणि फळी एकच. घर, विहीर, बैल, आजोबा, आजी, चिंचेचे झाड, सगळेच हवे असते. मग कशालाच जागा उरत नाही. एकच प्रसंग घ्या. 'आमचे घर' हा प्रसंग नाही. 'आजी खिळ्याने रेघ ओढते आहे' हा प्रसंग आहे.

वीरगळासमोर जाऊन बसा. तो खालून वर वाचतात. तळाच्या कप्प्यात लढाई किंवा पळवलेली गुरे, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी शेंड्याला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो ही आठवण राहो, एवढाच त्याचा अर्थ. पाहा, घडणाऱ्याने चेहरे रेखाटण्यात वेळ घालवलेला नाही. कोण आहे हे तलवारीवरून, घोड्यावरून, गाईवरून कळते. आपल्यालाही चेहरा काढायची गरज नाही. आजी ओळखू येते ती डोक्यावरच्या पदरावरून आणि हातातल्या खिळ्यावरून. आजोबा मुंडाशावरून, किंवा पाठीला किंचित बाक दिल्याने. चित्रकला येत नाही म्हणून मागे हटणाऱ्यांना मी हेच सांगतो: लोककलेत माणूस त्याच्या वस्तूवरून ओळखतात.

माझ्या डाव्या खांबातून मी पंधरा इंच लांब, साडेपाच इंच रुंद तुकडा घेतला, हळदीच्या बोटांसकट. तळचा कप्पा पूर्ण मोकळा सोडला, कारण बोटांनी तो आधीच भरलेला होता. मधल्या कप्प्यात दार, दाराला पाठ लावून उभी चार मुले, उंचीने चढती, आणि खिळा घेतलेला हात. फक्त हात आणि पदराचा काठ. वर चंद्र-सूर्य. एका बाजूला बिजागरीची जुनी खाच होती. ती मी दाराचीच बिजागरी म्हणून चित्रात घेतली. खुणेला चित्रात काम मिळाले की काम निम्मे झाले असे समजा.

चित्र आधी त्याच मापाच्या कागदावर काढा, मग कार्बन ठेवून लाकडावर उतरवा. हत्यारांची मोठी पेटी लागत नाही. पाव इंची आणि अर्धा इंची सरळ पटाशी, एक गोल पटाशी, लाकडी मोगरी, आणि फळी टेबलाला पक्की धरणारे दोन क्लॅम्प. क्लॅम्प नसतील तर काम सुरू करू नका. एका हाताने फळी धरून दुसऱ्या हाताने पटाशी चालवली की कधी ना कधी हात कापतो. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे.

कोरताना आधी रेघेवरून उभा छेद द्या, पटाशी सरळ खाली धरून, हलक्या ठोक्याने. मग रेघेच्या बाहेरून, फेकायच्या बाजूने, तिरकी पटाशी त्या छेदापर्यंत आणा. ढलपी सुटून येते आणि आकृतीची कड शाबूत राहते. अशी आकृतीभोवतीची जमीन हळूहळू खाली घ्यायची. पाव इंच खोली पुरे. दिव्याच्या तिरप्या उजेडात तेवढ्यावरही सावली छान पडते. लाकडाचे धागे उलटे उठू लागले, चिरफळ्या निघू लागल्या, की थांबा आणि दुसऱ्या दिशेने या. लाकूड कुठून कापून घ्यायचे ते तेच सांगते. कोरलेल्या जमिनीवर पटाशीच्या खुणा राहू द्या, पॉलिश पेपरने सपाट करू नका. पहिला दिवस टाकाऊ तुकड्यावर नुसता सूर्य कोरण्यात घालवा, दुसरा चंद्रात. तिसऱ्या दिवशी आठवणीच्या लाकडाला हात लावा.

तुकडे जोडायचे असतील तर सागाला सांध्याच्या जागी थिनरचे फडके फिरवून लगेच फेविकॉल लावा. त्याच्या तेलकटपणामुळे नुसता डिंक धरत नाही. शक्य तिथे जुनाच सांधा वापरा. चौकटीच्या टोकाला सुताराने काढलेले कुसू असेल तर ते कापून टाकू नका. त्याच्याएवढी खाच नव्या फळीत पाडून त्यातच बसवा. कुणा सुताराच्या हाताचे ते माप आहे.

रंग लावलाच पाहिजे असे नाही. सागावर मी बहुधा लावत नाही. पण बैल, खेळणी, पॅकिंगच्या लाकडाच्या फळ्या यांना रंगाशिवाय उठाव येत नाही. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची खेळणी पाहिली असतील तर ते लगेच पटेल. अस्तरासाठी चिंचोके भाजून, टरफल काढून, रात्रभर भिजवून वाटा आणि शिजवून खळ करा. तिच्यात खडूची बारीक पूड मिसळून दोन पातळ हात द्या. वर गेरू, पिवडी, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, प्रत्येक बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटलेला. बाभळीच्या लाकडाला काळा हवा असेल तर रंगही लागत नाही. गंजके खिळे आठवडाभर शिरक्यात, म्हणजे साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये, भिजवा. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. ते पाणी गाळून ब्रशने लावले की बाभळीतला तुरटपणा आणि लोखंड मिळून लाकूड आतूनच काळे पडते. जुन्या गाडीच्या चाकावर धावेच्या लगत जो निळसर काळेपणा दिसतो, तो याच कारणाने आलेला असतो.

डिंकाचे रंग ओल्या हाताने निघतात, म्हणून त्यांच्यावर चपड्याचे पॉलिश हवे: अर्धा लिटर स्पिरिटमध्ये 100 ग्रॅम लाखेचा चपडा रात्रभर विरघळवून, गाळून, मऊ फडक्याने दोन हात. न रंगवलेल्या सागाला जवसाचे उकळलेले तेल द्या, दुकानात 'बॉइल्ड' म्हणून मागा. पातळ हात, वीस मिनिटांनी उरलेले पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी परत. हळदीच्या बोटांवर तेल देऊ नका. मी त्या कप्प्याला कडेने कागदी पट्टी लावून तो कोरडाच ठेवला. आणि एक गोष्ट फार काळजीने सांगतो. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच नको. उघड्यावर एकेरी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मगच टाका.

पाठीमागे एक काम राहते, आणि ते घाईत सुटते. लाकूड बोलत नाही. पन्नास वर्षांनी हा तुकडा कुणाच्या हाती पडला तर पदर, खिळा आणि चार मुले यांचा अर्थ त्याला कोण सांगेल? फळीच्या मागे बोटभर खोल, तळहाताएवढी खाच पाडा. आमच्याकडून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागते. तुघलकाबरोबर कागद करणारे कारागीर इकडे आले अशी परंपरा सांगतात, आणि हातकागद करण्याचे काम त्या गावाच्या नावातच आहे. तसा हातकागद घ्या आणि त्यावर पेन्सिलीने लिहा. शाई फिकी पडते, पेन्सिल राहते. लाकूड कुठल्या घराचे, कुठल्या दाराचे, कुणाची बोटे, कुणाच्या लग्नाची, कोणी कोरले, कोणत्या महिन्यात. काकूंनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहा, व्याकरण सुधारू नका. कागद घडी करून खाचेत ठेवा, वर पातळ फळी, तिला दोन स्क्रू. डिंक लावू नका. पुढच्या माणसाला ती उघडता आली पाहिजे, आपला कागद त्यात घालता आला पाहिजे.

टांगताना भिंत आणि फळी यांच्यात दोन लाकडी गुटके घाला. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, आणि मागून हवा खेळली नाही तर बुरशी धरते. समोरून येणारे थेट ऊन टाळा, हळदीचा पिवळा उन्हात सगळ्यात आधी उडतो. खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, जिथे उजेड तिरपा येतो तिथे जागा बघा. लहान मुलांच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर लावा. वर्षातून एकदा, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदेमळणीचा दिवस असतो तेव्हा, तेलाचा एक पातळ हात द्या. तळचा कप्पा सोडून.